प्रत्येक आकृतीतला डाग

मुलीच्या कॉलेजच्या जर्नलमधल्या आकृत्या मी काढतो, हे आमच्या घरातलं उघड गुपित. आकृती बापाने काढायची, नावं मुलीने द्यायची आणि सही मॅडमनी ठोकायची. बाकीचे बाप पुस्तकातून उतरवतात. मी मात्र भंगारवाल्याकडून आणलेल्या पितळी सूक्ष्मदर्शकात बघून काढायचो. जुने चित्रकार तसंच करत: उजवा डोळा नळीवर, डावा कागदावर, दोन्ही उघडे. सरावाने डासाचा पाय थेट कागदावर पडल्यासारखा दिसतो. हे मी जेवताना इतक्यांदा सांगितलंय, की बायको आमटी वाढताना म्हणायची, "आता एक डोळा ताटात ठेवा."

त्या चित्रकारांची फजितीही मी रंगवून सांगायचो. एकाने तर माणसाच्या बीजात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस काढला. नसलेलं दिसतं कसं एखाद्याला, म्हणून मी पोट धरून हसायचो.

डिसेंबरात एकदा मुलगी खारघरच्या कॉलेजातून आली ती जर्नल हातात उघडं धरूनच.

"बाबा, हे काय आहे?"

कांद्याच्या पापुद्र्याची आकृती. मध्यापासून जरा वर एक काळपट डाग.

"दिसलं ते काढलं."

"मी त्याला केंद्रक असं नाव दिलं. मॅडम म्हणाल्या, मग डासाच्या पंखात काय करतंय ते?"

तिने पानं उलटली. डासाचा पंख. गाढी नदीचं पाणी. शेवाळ. डाग प्रत्येक पानावर, त्याच जागी.

"भिंगावर धूळ असेल."

"बघूया ना. स्लाइड सरकवा. डाग सरकला तर तो स्लाइडवर."

पेशी सरकल्या. डाग तिथेच.

"आता वरचं भिंग फिरवा."

फिरवलं. डाग हलला नाही. मग बायको हात पुसत आली आणि नळीला डोळा लावून बसली.

"मला स्वच्छ दिसतंय सगळं," ती म्हणाली.

मुलीने जर्नल पहिल्या पानापासून पुन्हा चाळलं. वर तारखा होत्याच. जुलैत डाग मोहरीएवढा, गणपतीनंतर मुगाएवढा, आता चिंचोक्याएवढा. इतक्या निगुतीने मी दुसरं काहीच काढलं नव्हतं.

"शुगर शेवटची कधी तपासलीत?" बायकोने विचारलं.

दोन वर्षं मी ते टाळत होतो. उत्तर द्यायच्या ऐवजी खिडकीत गेलो, डावा डोळा झाकला आणि कर्नाळ्याकडे पाहिलं. डोंगर होता. वरचा सुळका नव्हता. तिथे नुसतं राखाडी काहीतरी.

"आता दुसरा झाकून बघा," बायको मागून म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो, आणि हात तसाच धरून बराच वेळ उभा राहिलो.