दाजींचा कंप्युटर आणि चिमी

मांजर कंप्युटरकडेच का जातं, या एका प्रश्नावर आमच्या दाजींनी जेवढं डोकं शिणवलं तेवढं दुसऱ्या कुठल्या कामात शिणवलं असतं, तर आज जाफराबादच्या बसस्टँडसमोर त्यांचा पुतळा उभा असता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जन्मभर मास्तरकी केली आणि निवृत्त झाल्यावर, ज्या वयात लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात, त्या वयात यांनी जालन्याहून कंप्युटर आणला. टेंपोत तो मांडीवर घेऊन बसले होते. घराच्या पुढच्या खोलीत अर्ज, दाखले आणि लग्नपत्रिका टाइप करून द्यायचं दुकान निघालं. त्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढून, पाय धुऊन शिरायचं. मशीनला रोज उदबत्ती, पण धूर आत जाऊ नये म्हणून ती खिडकीच्या बाहेर. "देवाला दिशा बराबर कळते," असं दाजी म्हणत.

धूळ बसू नये म्हणून त्यांनी अक्काकडून मॉनिटरसाठी छोटी गोधडी शिवून घेतली, आणि इथंच घोटाळा झाला. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे पेटीएवढे, वरून कोमट. त्यावर मऊ गोधडी. अक्काची मांजर चिमी दुसऱ्याच दिवशी वर चढली आणि शेपूट पडद्यावर सोडून झोपली. लेकीचं लग्न झाल्यापासून अक्काला घरात बोलायला ही चिमीच होती, त्यामुळे तिला दम देण्याची सोय नव्हती. दाजी हातानं शेपूट बाजूला करत आणि खालचा शब्द वाचत. अर्जदाराचं नाव शेपटीखाली, गाव शेपटीच्या उजवीकडे.

मग उपाय सुरू झाले. कुणी सांगितलं, संत्र्याच्या साली ठेवा. ठेवल्या, त्यांना मुंग्या लागल्या. कापूर ठेवला, तो उडून गेला. तिखट शिंपडलं, तर दाजी स्वतः सकाळभर शिंकत राहिले आणि चिमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बघत राहिली. दार लावून घेतलं की ती बाहेर असा काही गळा काढी की गिऱ्हाइकं विचारत, "मास्तर, घरात कुणी आजारी हाये का?" शेवटी दाजींनी शास्त्रशुद्ध प्रयोग केला. कंप्युटरच्याच रिकाम्या खोक्यात बल्ब लावला, वर दुसरी गोधडी घातली आणि ते खोकं कोपऱ्यात ठेवलं. मी त्या रविवारी तिथंच होतो. चिमीनं खोक्याला एक चक्कर मारली, वास घेतला, आणि दाजी टाइप करायला बसले तशी थेट येऊन कीबोर्डवर बसली.

"म्हंजे ऊब न्हाई," दाजी माझ्याकडे वळून म्हणाले. "तिला करंटचा नाद हाये. मशीनमधून काहीतरी निघून राह्यलं अन् ते फक्त मांजरालाच कळतं." अक्का दारात चहाचा कप घेऊन उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. तिनं कप टेबलावर ठेवला आणि गेली. तो चहा गार झाला, हे मला नंतर आठवलं.

आणि मग ती पत्रिका झाली. मुलगी जाफराबादची, तिचं आजोळ आष्टीचं, मंडळी तालेवार. आपल्याकडे पत्रिकेत नावं कमी पडली तर चालत नाही. चुलते, मामा, मावश्यांचे यजमान, सगळ्यांचा मान मोठ्या अक्षरात. दाजी पाणी प्यायला उठले, तेवढ्यात चिमी कीबोर्डवर बसली आणि नवरीच्या तिन्ही मामांची अख्खी ओळ खोडून गेली. खालच्या ओळी शहाण्यासारख्या वर सरकल्या, त्यामुळे मोकळी जागाही दिसेना. दाजी आले, मांजर उचललं, वरवर बघून "बराबर" म्हणाले. पत्रिका छापून वाटल्या गेल्या. आष्टीचे तिन्ही मामा रुसले. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तेच येणार नाही म्हणतात म्हटल्यावर मुलीची आई दाजींच्या ओट्यावर येऊन रडली.

दाजींना ते फार लागलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एका पोराचं नाव हजेरीत चुकलं नव्हतं. त्यांनी ठरवलं: आष्टीला जाऊन मामांची माफी मागायची आणि जाताना चिमीला वाटेत लांब कुठंतरी सोडून द्यायचं. चिमीला न्यायच्या पोत्यात अक्कानं आपलं जुनं लुगडं तेवढं घातलं.

दाजी ते पोतं घेऊन दुपारी माझ्याकडे जालन्याला उतरले. मी एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कामाला. घरात कंप्युटर सोडा, साधं कॅल्क्युलेटर नव्हतं. पोत्याचं तोंड सोडलं. चिमी बाहेर आली, अंग झटकलं. दाजींनी पेपर उघडला, ती पेपरावर बसली. त्यांनी पेपर ठेवून पत्रिका काढली आणि मामांची नावं पाठ करू लागले. ती उठून पत्रिकेवर बसली. दाजी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्यात अक्काचा फोन आला. पोचलात का विचारायला केला होता. दाजींनी घडलेलं सांगितलं.

पलीकडून अक्का म्हणाली, ते मलाही ऐकू आलं. "ती कंप्युटरवर कधी बसलीच न्हाई. तुम्ही जिकडं बघता तिकडं बसती. मला बी लई वेळा वाटलं तसं जाऊन बसावं. पर बाईमाणसाला ते कुठं जमतं?"

दाजींनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. मग चिमीला माझ्याकडे ठेवून ते एकटेच आष्टीला गेले. मामांना त्यांनी मांजराचं नावही काढलं नाही. चूक माझी, एवढंच म्हणाले. मास्तर माणूस दारात हात जोडून उभा म्हटल्यावर मामा विरघळले आणि तिघंही लग्नाला आले. परतताना दाजी चिमीला घेऊन गेले, पोत्यात नव्हे, कडेवर.

त्यानंतर चिमी कीबोर्डवर बसली की दाजी काम थांबवत, मशीन बंद करत आणि आत अक्कापाशी जाऊन बसत. गिऱ्हाइकाला म्हणत, "आता उद्या या. सुट्टी झाली." चिमी पुढं चारेक वर्षं जगली. आता कंप्युटरही नवा आहे, चपटा, गार. परवा गेलो तेव्हा दाजी अर्धवट अर्ज तसाच ठेवून उठले. मी म्हटलं, एवढी ओळ पुरी करा की. चष्मा काढत म्हणाले, "न्हाई बाबा. तुझी अक्का चहा घेऊन कवाची उभी हाये. आधी उठवायला कोणी होतं, आता आपलं आपणच उठावं लागतं."