काकांचे आडवे फोटो

काकांनी फोरमवर टाकलेला एकही फोटो कधी सरळ दिसला नाही. डोंगर कुशीवर झोपलेले, झाडं डावीकडून उजवीकडे वाढलेली. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाटांची माहिती देणारा आमचा छोटासा फोरम मी चालवते, त्यामुळे तक्रारी माझ्याकडे यायच्या. काकांना फोन केला की म्हणायचे, "मान जरा वाकडी कर की गं. डोंगर तोच हाय."

खोपोलीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला हा माणूस कुठलंही यंत्र खोलून पुन्हा जोडायचा, पण लिंक म्हणजे काय ते काही त्यांच्या डोक्यात शिरेना. सुरुवातीला तर त्यांचे फोटो दिसायचेच नाहीत; ते स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचे आणि तिथला पत्ता फोरमवर चिकटवायचे. उघडणार कसा? शेवटी त्यांच्या घरी जाऊन बसले. तीनदा समजावलं, की ही लिंक फक्त तुमच्याच फोनवर उघडते, फोटो आधी साइटवर चढवावा लागतो.

"म्हंजे माज्या कपाटातली वस्तू त्यांना दिसत नाय?"

"नाही दिसत, काका."

"मग चावी दे की त्यांना."

मी चहा अर्धा टाकून उठले.

महिन्याभरानं ते फोटो चढवायला शिकले आणि माझा ताप दुप्पट झाला. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेच्या पानावर त्यांनी एकदम बावीस फोटो टाकले. लेण्यांचा एक, बाकी नुसते दगड, ओढे आणि वाटेचे फाटे. पान उघडता उघडेना. लोक वैतागले, मी त्यांच्याहून जास्त. काकांना न विचारता मी एकवीस फोटो उडवून टाकले. ते भांडले नाहीत. खाली फक्त लिहिलं, "ते चुकायच्या जागंचे होते."

श्रावणात तेच पान वाचून पनवेलचं एक जोडपं निघालं. ओढ्यापाशी भलत्याच बाजूला वळलं आणि कड्याच्या पोटात जाऊन अडकलं. वाडीतल्या माणसांनी दोघांना खाली आणलं. बाईंचा घोटा मोडला होता. त्यांनी फोरमवर एकच ओळ लिहिली: "त्या फाट्याचा फोटो कुणीच का टाकला नाही?"

'टाकला होता, मी काढला,' असं उत्तर मी लिहिलं आणि काकांना फोन केला.

"तुमच्या फोनमध्ये तरी आहेत ना ते?"

"साइटवर चढले म्हणून मी पुसले." मग म्हणाले, "रडू नको. उद्या जाऊ. बूट नीट घाल."

गुडघे धरत, बसत-उठत ते चढले. मी दंड धरायला गेले तर खेकसले, "मला कशाला धरतीस? पानी धर." दर फाट्याला, वाट चुकणारा जिथून बघेल नेमके तिथे उभे राहायचे आणि फोटो काढायचे. ओढ्यापाशी म्हणाले, "हितनं बघ. चुकीची वाटच रुंद दिसती. मीबी दोनदा गेलोय." मी उभी राहून पाहिलं. मीसुद्धा तिकडेच गेले असते. फोन अर्थातच वाकडा धरलेला. त्या दिवशी मात्र मी त्यांना काही सुचवलं नाही.

काका गेल्या माघात गेले.

परवा एका बाईंनी खालापूरकडच्या ओढ्यावरच्या एका साकवाचे सलग नऊ फोटो टाकले. साइट रखडली, तक्रारी आल्या. माझं बोट सवयीनं खोडायच्या खुणेवर गेलं. मग मी बाईंना फोन लावला आणि विचारलं, "साकवाला नक्की काय झालंय?"