तालमीच्या टाकीवरची पाटी

केरबाला वास येत नाही, हे शिवाजी पेठेत सगळ्यांना ठाऊक. क्रोमच्या टाकीवर वाकून उभा जन्म घालवला, नाक आतून खाऊन गेलं. "बरं हाय की, गटारीकडनं जाताना तरास न्हाय," असं तोच म्हणायचा आणि वर लोकांना हसवायचा. मोटरसायकलचं हँडल असो नाहीतर ट्रकचा बंपर, तोंड दिसेल असा मुलामा चढवावा तर केरबानंच. कारखाना म्हणजे तरी काय, तालमीच्या मागच्या भिंतीला चिकटलेला पत्र्याचा आडोसा. आणि टाकीतलं पिवळं पाणी? ते शोषखड्ड्यात. तेव्हा सगळेच तसं करायचे म्हणा. पण म्हणून जमिनीनं ते पचवलं असं थोडंच आहे!

त्याच तालमीत केरबा लहानाचा मोठा झाला. कुस्ती सुटली, कारखानाही कधीचा बंद पडला, पण रोज सकाळी तालमीत शिरायचं, कुस्तीच्या हौदातली चिमूटभर लाल माती कपाळाला लावायची आणि मगच घरी येऊन च्या प्यायचा, हे काही सुटलं नाही.

गेल्या वर्षी तालमीतल्या पोरांच्या पाठी फुटायला लागल्या. फोड यायचे, कातडं सोलून निघायचं. आधी उन्हाला दोष दिला, मग तेलाला. शेवटी माती तपासली आणि तीत क्रोम निघालं. तालमीला कुलूप बसलं. सरकारी हुकूम आला की खोलवर माती उपसून लांब नेऊन नीट विल्हेवाट लावा, नाहीतर हौद कायमचा बुजवा. तो खर्च केरबाच्या अंगावर आला. राहतं घर विकलं तरी भागणार नव्हतं. वस्ताद बाळासो, ज्याच्याबरोबर त्यानं पहिला लंगोट बांधला होता, तो त्याला एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तरी केरबाला बरं वाटलं असतं.

अशात त्याला जुन्या विम्याची आठवण झाली. कारखाना जोरात होता तेव्हा जिनेंद्र विमावाल्यानं ती पॉलिसी त्याच्या गळ्यात मारली होती. तुझ्या कामामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरून देईल, एवढंच त्यानं सांगितलेलं. केरबानं ती कधी वाचली नाही. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि परत ट्रंकेत ठेवायची. जिनेंद्र आता नाही, त्याचं ऑफिस त्याची मुलगी आदिती बघते. कुंकवानं माखलेले ते कागद तिनं वाचले आणि ती ताडकन उठलीच.

"केरबाकाका, पॉलिसी जुनी आहे, पण अजून कामाची आहे! नुकसान ज्या वर्षांत झालं, त्या वर्षांची पॉलिसी धरतात. माती तेव्हाच बिघडलीय. आपण दावा लावू."

केरबा तिच्यासमोरच रडला. तडक बाळासोकडं गेला आणि म्हणाला, "वस्ताद, माती पयल्यासारखी करून देतो बघ." बाळासोनं त्याच्यासाठी घोंगडं पसरलं. मग म्हणाला, "च्या घेतोस काय?" केरबाचा जीव भांड्यात पडला.

पुण्याहून कंपनीचा माणूस पाहणीला आला. आदितीनं बजावलं होतं, विचारतील तेवढंच सांगा. पण तेवढंच सांगणं केरबाला कधी जमलंय? त्यानं शोषखड्डा दाखवला, हौद दाखवला, कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत पाहुण्याला हाताला धरून नेलं. टाकीवर संगमरवरी पाटी होती. केरबाच्या नावानिशी 'तालमीस सप्रेम भेट, १९९४'.

"दानशूर दिसताय," साहेब हसून म्हणाला.

केरबा लाजला. खोटा मान घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"दान कसलं, पावणं! हितं हीर हुती. माझ्या कारखान्यानं तिचं पाणी पिवळं झालं. बाळासोनं बोलावलं, मारुतीम्होरं बसलो, चूक पदरात घेतली. हीर बुजवली, नळ आणून टाकी बांधून दिली. कोर्ट न्हाय, कचेरी न्हाय. पेठंतलं पेठंत मिटलं की!"

हे सांगताना त्याची छाती फुगली होती. आयुष्यात आपण एक काम माणसासारखं केलं, असं त्याला या एकाच गोष्टीबद्दल वाटायचं.

"आणि कंपनीला कळवलंत?"

"कंपनीला कशापायी? चूक माझी हुती!"

शेजारी उभ्या आदितीचा चेहरा खाडकन उतरला. साहेबानं पाटीचा फोटो काढला.

दावा फेटाळला गेला. आदितीनं वकील गाठला, पुण्याला खेटे घातले, पण कोणी ऐकेना. नुकसान तेव्हापासून माहीत असून कंपनीला कळवलं नाही आणि परस्पर तडजोड केली, एवढं त्यांना पुरे झालं.

"कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, अशी अटच आहे, काका," ती म्हणाली. बापाचा राग येत होता तिला. विकताना एवढं तरी सांगायचं होतं त्यानं.

केरबानं विचारलं, "मंग मारुतीम्होरं खोटं बोलायचं हुतं व्हय?"

आदितीनं कागद मिटले. विहीर पिवळी पडली तेव्हा या माणसानं शेजाऱ्याला 'जा कोर्टात' म्हणून हाकललं असतं, हात वर केले असते आणि कंपनीला दोन ओळी खरडल्या असत्या, तर आज तालीम वाचली असती. घ्या! भलेपणानं वागल्याची ही बक्षिसी.

हौद बुजवायच्या दिवशी काँक्रीटचा मिक्सर गल्लीत मावेना. कुलूप निघालं, जुनी माणसं गोळा झाली. केरबाही आला. त्याला कोणी ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. तो हौदाशी गेला, सवयीनं वाकला, चिमूटभर माती उचलली आणि हात कपाळाकडं नेला.

बाळासोनं त्याचं मनगट धरलं.

"लावू नगंस, केरबा. इख हाय त्ये."

मग स्वतःच्या पंच्यानं त्यानं केरबाची बोटं पुसली आणि मिक्सरवाल्याला हात केला.