उकडलेल्या मटणाचं पाणी

मंडळी, आज सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आबांना, अमळनेरहून धुळ्याला दवाखान्यात नेलं. त्यांचं बी-ट्वेल्व्ह कमी आहे, पायांना मुंग्या येतात. गोळ्या चालू आहेत, मटणही करते, तरी फरक थोडाच.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "मटण शिजवता कसं?"

"भरपूर पाण्यात उकडते. वास नको म्हणून ते पाणी ओतून देते, मग फोडणी."

"अहो, बी जीवनसत्त्वं बरीचशी त्या पाण्यातच उतरतात! त्याचाच रस्सा करा."

मी ओशाळले. आबा म्हणाले, "तू ते पानी फेकस, मी देखत व्हतू, पोरी. पन तू इतलं मन लाईसन रांधस, कसं बोलू?"

संध्याकाळी सगळं पाणी रश्श्यात घातलं. आबा दोन वाट्या प्यायले.

तुमच्याही घरी कोणी असं मन राखायला गप्प जेवतं का? एकदा विचारून बघा.