अंगठ्याखालचे नाव

२३ नोव्हेंबर १९७८, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. माझ्या वहीत त्यांची पहिली नोंद या वेळेची आहे. शाहूपुरीतल्या जुन्या भांड्यांच्या एका दुकानात पोत्यावर बसलेले साठीचे एक गृहस्थ एकेक भांडे मांडीवर घेत, डोळे मिटून उजव्या हाताचा अंगठा त्याच्या काठाखालून सावकाश फिरवत आणि भांडे बाजूला ठेवताना एकच शब्द उच्चारत, "न्हाय."

वीस भांडी झाली, वीस वेळा "न्हाय" झाले. शोधणाऱ्या माणसाला हवे ते सापडत नसेल तर त्याचा स्वर हळूहळू उतरत जायला हवा. यांचा चढत होता. शेवटच्या तांब्याला तर त्यांनी हसून टपली मारली आणि बिडी पेटवली. हे मला विसंगत वाटले, म्हणून मी ते टिपून ठेवले. मी तेव्हा विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करत होते, वय चोवीस होते, आणि विसंगत वाटणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे अपुऱ्या मोजमापाची चूक असते, असे माझे ठाम मत होते.

जुन्या भांड्यांच्या दुकानात तुम्ही कधी रेंगाळला असाल, तर त्यातले सुख मी सांगायला नको. नव्या बाजारात शोधून सापडणार नाही असे जाड पितळ तिथे हाताला लागते. कुणीतरी चाळीस वर्षे वापरून गुळगुळीत केलेला काठ असतो. धोकेही तितकेच. कल्हईखाली भोक बुजवणारा डाग दडलेला असतो, कान दुसऱ्याच भांड्याचा असतो. मी वसतिगृहातल्या खोलीसाठी घेतलेली पहिली कळशी पाझरू लागली, तेव्हा ती घेऊन मी मालकांकडे गेले. मालक गृहस्थ मोठे गोड बोलणारे होते.

"गळत न्हाय ओ पावणं ती," ते म्हणाले, "घाम येतोय तिला. उन्हातनं आणलासा की."

पोत्यावरून आवाज आला, "बदलून द्या त्यास्नी. बुडाला डाग हाय, मीच बघितलाय."

मालकांनी कळशी बदलून दिली आणि पोत्याकडे रागाने पाहिले. पोत्यावरच्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागले. जुन्या भांड्यांवरची नावे कानशीने घासून काढायची, वर पॉलिश करायचे आणि गिऱ्हाईक सांगेल ते नवे नाव छिन्नीने ठोकून घालायचे, हे त्यांचे काम.

नावांविषयी तुम्हाला ठाऊक आहेच. लग्नात आलेली, बारशाला दिलेली, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेली भांडी आपण नाव घातल्याशिवाय कुठे वापरतो? त्या दुकानात ती नावे काठोकाठ रचलेली असत. चिरंजीव, सौभाग्यवती, कैलासवासी, सगळे एकमेकांत उपडे घातलेले. आत शिरताना मला कधीकधी भरलेल्या सभागृहात उशिरा पोचल्यासारखे वाटे.

मामा एखाद्या घागरीवर टिचकी मारत, आणि पार मागच्या अंधारातून दुसरेच कुठलेतरी भांडे बारीक गुणगुणे.

"उत्तर देतंय बगा," ते म्हणत.

मी त्यांना अनुनाद समजावून सांगितला. दोघांची कंपनसंख्या जुळली, की एक वाजताच दुसरे वाजते. त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"म्हंजे सगळी न्हाईत वाजत. ज्येचं जुळतंय, त्येच."

"बरोबर."

"म्हंजे वळख हाय त्येंची," मामा म्हणाले आणि समाधानाने कामाला लागले.

तिथूनच घेतलेला एक तांब्या मी प्रयोगशाळेत पाणी प्यायला ठेवला होता. त्याचा गळा अगदी कोरा होता. फेब्रुवारीतल्या एका दुपारी फेरिक क्लोराइडचे द्रावण ओतताना माझा हात हलला आणि चार-दोन थेंब त्या गळ्यावरून ओघळले. पुसायला फडके घेतले, तेवढ्यात कोऱ्या पितळेवर काहीतरी गडद होऊ लागले. आधी एक ठिपका, मग ठिपक्यांची रेघ. पाहता पाहता 'कै.' एवढे अक्षर उमटले आणि त्यामागून, पाण्याखालून कुणी वर यावे तसे, एका माणसाचे संपूर्ण नाव आले. मी तीन महिने त्याच्या तांब्यातून पाणी पीत होते.

कारण मी संध्याकाळपर्यंत शोधून काढले. छिन्नीचा ठोका पृष्ठभागावर खाच पाडतो, आणि खाचेच्या खालचे पितळही दाबून टाकतो. खाच घासून गेली तरी ते दबलेले पितळ तसेच राहते आणि रसायन त्याला आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगाने खाते. सगळे सुसंगत होते. तरीही मी त्या तांब्यातून पुन्हा पाणी प्यायले नाही. याला मी कारण लिहिले नाही.

माझ्या डोक्यात मात्र शोधनिबंध तयार झाला. पुसलेल्या अक्षरांचे पुनर्दर्शन, वेगवेगळ्या जाडीच्या पितळेवर, सेकंदांत मोजलेले! दुसऱ्या दिवशी तांब्या मामांपुढे ठेवला. त्यांनी द्रावणाने काळपट झालेली अक्षरे पाहिली आणि विचारले, "हे मी काढलेलं नाव हाय. तुमी परत कसं आणलासा?"

मी सांगितले. ते म्हणाले, "ते खाली असतंय हे ठावं हाय मला. अंगठ्याला लागतंय."

हा दावा तपासण्याजोगा होता. मालकांच्या कोठीतून मी कोरी केलेली चौदा भांडी निवडली. मामांनी डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि सांगायचे, मी लिहून घ्यायचे आणि नंतर द्रावण लावायचे. ते "पाच अक्षरं, पुरुषाचं" असे सांगत, किंवा "बाईचं, शेवटी बाई हाय". चौदांपैकी अकरा उत्तरे बरोबर आली. एका डब्यावर अंगठा दोनदा फिरवून ते म्हणाले, "हितं दोगं हायत, एकावर एक." द्रावण लावल्यावर एका बाईच्या नावातून दुसऱ्या बाईचे नाव वर आले. दोघींचे आडनाव एकच होते. ते पाहून मालक घाबरून दुकान सोडून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मी याचेही स्पष्टीकरण लिहिले आहे. घासलेली जागा केसभर खोल राहते, दबलेला धातू जास्त कठीण असतो, सरावलेल्या त्वचेला तेवढा फरक कळू शकतो. स्पष्टीकरण मला आजही मान्य आहे.

त्या दिवशी सामान आवरताना मामांनी विचारले, "ताई, कुठलंबी नाव वर येतंय न्हवं?"

"ठोकून घातलेले कुठलेही."

"पाच-सात वर्सांमागं काढलेलं?"

"पन्नास वर्षांमागचेही येईल."

त्यांनी बिडी पेटवली, ओढली नाही. मग त्यांनी मला सांगितले.

त्यांची मुलगी इचलकरंजीजवळ कबनूरला दिली होती. जावई कापडाच्या मागावर कामाला होता. लग्नात मामांनी तिला कळशी, परात आणि डबा दिला, तिन्हींवर तिचे नाव स्वतःच्या हाताने घातले. तिसऱ्या वर्षी सासरहून निरोप आला, की पोरगी घर सोडून कुणाबरोबर तरी गेली, जाताना माहेरची भांडीही घेऊन गेली. मामा जाऊन आले. शेजारीपाजारी कुणी काही बोलले नाही. त्याला आता सहा वर्षे झाली होती.

"त्या वर्सापासनं हितं बसतोय," ते म्हणाले. "हिकडची जुन्या भांड्यांची समदी मोड ह्याच दुकानात येती. नावासकट भांडं इकणाऱ्याला कायबी लपवायचं नसतंय. घरनंच नाव घासून आणत्यात न्हवं, ती बघायची मी."

मला तेव्हा उलगडा झाला. भांडी तिने नेली असतील तर ती कुठेतरी त्यात पाणी भरत होती. ती भांडी नाव घासून सासरच्यांनी विकली असतील, तर ती काहीच घेऊन गेली नव्हती आणि कुठेच गेली नव्हती. म्हणून प्रत्येक "न्हाय" बरोबर त्यांचा स्वर चढत होता.

मी म्हणाले, "पण मामा, पळून गेली म्हणून तिची बदनामी झाली, ती तशीच राहते."

"बदनाम ऱ्हाऊ दे की," मामा म्हणाले, "पर ऱ्हाऊ दे."

घरी तिची आई सहा वर्षे दाराला कडी न लावता झोपत होती, हेही त्यांनी सांगितले.

पुढचे दोन महिने मी निबंधाच्या कामात होते. मार्गदर्शकांनी पंधरा नमुने मागितले होते, माझे चौदा झाले होते, आणि त्यांतल्या एकाचाही चांगला फोटो नव्हता. मी विभागाचा कॅमेरा मागून घेतला होता आणि पंधरावे भांडे कुठले घ्यावे, या विचारात होते.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी अकराच्या सुमारास, मामा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. इतक्या लांब ते कधी आले नव्हते. चपला बाहेर काढून, काखेत गोणपाटाचे बोचके घेऊन ते आत आले.

"इचलकरंजीकडनं मोड आली काल. त्यात निघाली," ते म्हणाले. गोणपाटात कळशी होती. गळ्याखाली बोटभर रुंदीचा पट्टा घासून कोरा केलेला होता.

"अंगठ्याने काय सांगितले?"

"लावला न्हाय."

"का?"

"अंगठा माझा हाय, ताई. त्यो माझ्यासारखंच बोलंल." मग काचेच्या बाटल्यांकडे हात करून म्हणाले, "ह्येंचं कुणाशी नातं न्हाय. तुमी बघा."

मी कळशी आडवी ठेवली, कॅमेरा तिवईवर लावला, घड्याळ समोर ठेवले आणि कापसाचा बोळा द्रावणात बुडवून पट्ट्यावरून फिरवू लागले. त्या क्षणी मला मनापासून वाटत होते की पट्टा कोरा राहावा. असे वाटणे ही पद्धतीतली चूक आहे, आणि मी ती वहीत चूक म्हणूनच नोंदवली.

पहिले मिनिट काहीच झाले नाही. दुसरे गेले. पितळ फक्त मंद होत होते. मामा हात मागे बांधून उभे होते. तिसऱ्या मिनिटाला पट्ट्याच्या मध्यावर एक उभी रेघ आली, तिच्या शेजारी वळण आले. तीन अक्षरे, एकेक करून, घाई न करता वर आली. ती नुसती काळी नव्हती. ओल्या केसांसारखी चमकत होती. तिचे नाव मी इथे लिहीत नाही.

"ह्या कान्याला मी खाली नेऊन जरा आत वळवतो," मामा शांतपणे म्हणाले. "दुसरं कुणी वळवत न्हाय."

माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. पद्धत अशी आहे, की अक्षरे पूर्ण स्पष्ट झाली की बोळा थांबवायचा, पाण्याने धुऊन घ्यायचे आणि फोटो काढायचा. इतकी स्वच्छ अक्षरे मला आधीच्या चौदांत मिळाली नव्हती.

"मामा, हा पुरावा आहे," मी म्हणाले. "फोटो काढते. आपण पोलिसांत देऊ, मी साक्ष देईन. तिने काही चोरले नव्हते, ती कुठे गेली नव्हती, सगळ्यांना कळेल."

"मला कळलं की."

"सगळ्यांना कळायला हवे."

"सगळ्यांत तिची आई बी येती, ताई." त्यांनी अक्षरांवरची नजर काढली नव्हती. "न्हाय धुतलं तर काय हुतंय?"

मी खरे तेच सांगितले. बोळा फिरवत राहिले तर द्रावण दबलेला थरही खाऊन टाकते, मग खाली फक्त साधे पितळ उरते. पुन्हा कुठल्याही द्रावणाने तिथे काही दिसणार नाही.

"अंगठ्याला?"

"अंगठ्यालाही नाही."

"मग खाऊ दे," मामा म्हणाले.

घड्याळ चालू होते. मला फोटो हवा होता, हे मी लपवत नाही. न्यायही हवा होता, आणि त्या सकाळी मला या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या नाहीत. मामांनी विनवणी केली नाही. ते फक्त कळशीच्या जवळ आले आणि, तापलेल्या लेकराला धरावे तसा, दोन्ही हातांनी तिचा काठ धरला.

मी नवा बोळा घेतला आणि फिरवू लागले. अक्षरे आधी आणखी ठळक झाली, मग त्यांच्या कडा विरू लागल्या. पहिले अक्षर आधी गेले. दुसऱ्याने वेळ घेतला. शेवटचा कान्याचा वळसा पुष्कळ वेळ राहिला. दोनदा मला वाटले की तो गेला, आणि दोन्ही वेळा मामा म्हणाले, "हाय अजून."

मग तेही म्हणाले नाहीत.

त्यांनी कळशी स्वतः नळाखाली धुतली, गोणपाटात गुंडाळली आणि जिना उतरले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मालकांना विचारले, तर ते म्हणाले, "आता घरातच असत्यात. म्हातारीसंगं दाराशी बसत्यात." पोत्यावर दुसरा माणूस बसू लागला होता. तो पाठ वळवून काम करी आणि भांड्यांशी काही बोलत नसे.

निबंध चौदा नमुन्यांवर छापून आला. मार्गदर्शकांनी पंधराव्याविषयी विचारले, तेव्हा नमुना खराब झाला असे मी सांगितले. नंतर मामा गेले, आणि गेल्या वर्षी त्यांची पत्नीही गेल्याचे कळले. म्हणूनच हे लिहिते आहे.

त्या वहीत पंधराव्या नमुन्याचे पान आहे. भांड्याचे नाव, जाडी आणि द्रावणाचे प्रमाण लिहिलेले आहे, मजकुराचा रकाना कोरा आहे. खाली दोन ओळी आहेत. अक्षरे स्पष्ट: तीन मिनिटे पाच सेकंद. अक्षरे दिसेनाशी: एकोणीस मिनिटे चाळीस सेकंद.