सिद्धोधनचा हॉर्न

पाथरीच्या रस्त्याला एक बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल पाडायचं काम चाललं होतं. पोकलेनला बकेटच्या जागी लोखंड कापायची हायड्रॉलिक कातर लावलेली आणि केबिनमध्ये चुडाव्याचा सिद्धोधन. वय पन्नाशीपुढचं, भंगारातल्या कामालाही इस्त्रीचा शर्ट.

मशीन सुरू करण्याआधी तो तिच्याभोवती चक्कर मारी. इतक्या निवांत प्रदक्षिणा पोखर्णीच्या नृसिंहालासुद्धा कोणी घालत नसेल. तेलाचा पाईप गळतो का, हे बघायला हात लावत नसे, पुठ्ठा फिरवी. बारीक छिद्रातून सुटलेली धार सुईसारखी कातडीत घुसते, हे तो चहावाल्यालाही समजावून सांगे. चहावाल्याचा तेलाशी संबंध भज्यांपुरता, तरी तो बिचारा मान डोलवी. जाड गर्डर जबड्याच्या टोकात पकडायचा नाही, आत घशापाशी घ्यायचा. पातं अडकलं तर तिरपं ओढायचं नाही. आणि दर कापाआधी लांबलचक हॉर्न.

"सिद्धूभाऊ, लोखंड कापायलाव का वरात काढायलाव?" कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार बन्सीधर ओरडे.

सिद्धोधन हसून हात हलवी. त्याला ऐकू आलेलं नसे.

आयुष्यभर इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाचे कान कधीच गेले होते. पातं लोखंडात किती रुतलं हे त्याला आता आवाजावरून नाही, बुडाखालच्या सीटवरून कळे. घरी बायकोने, धम्मशीलाने, "मीठ संपलं" म्हटलं की हा "झकास झालंय" म्हणे. तिने दवाखान्याचं नाव काढलं की मात्र त्याला बरोबर ऐकू येई.

"कुणाला सांगू नगंस. कळलं तर सीटवरून उतरवतेल. मग मी काय करू?" तो म्हणे.

त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तो छताची कैची, म्हणजे पत्र्यांखालचा लोखंडी सांगाडा, कापायला सरसावला. हॉर्न दाबला, थांबला, नजर फिरवली, कातर मिटली. लोखंडाचा तुकडा खाली आला तो उजव्या अंगाला, जिथे मशीनच्याच हातामुळे ऑपरेटरला काही दिसत नाही. तिथे भंगार वेचणारी सुलाबाई वाकून नटबोल्ट वेचत होती. कुणाच्या तरी किंकाळीने दचकून ती मागे कोलमडली. तिचं घमेलं चपातीसारखं सपाट झालं.

सिद्धोधनने धुरळा आणि धावणारी माणसं पाहिली. जबडा जमिनीला टेकवला, इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली.

सिद्धोधन तोंडासमोर आला तशी सुलाबाई किंचाळली, "हॉर्न का न्हाई वाजवला, मुडद्या?"

ओठांवरून त्याला कळलं. "वाजवला की!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. हॉर्नची वायर कालच तुटली होती. तेव्हापासून हा गडी मुका हॉर्न दाबत होता आणि बाकीचे खूश होते की भाऊंच्या हॉर्नची कटकट एकदाची गेली.

बन्सीधर जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "जाऊ द्या, इंजिनापुढं कुणाला कळतंय? आत्ता जोडतो वायर. चला, बसा वर."

पांघरूण आयतं समोर आलं होतं. सिद्धोधनने त्या सपाट घमेल्याकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून बन्सीधरच्या हातावर ठेवली.

"वायरचं काई न्हाई, मालक. मला ऐकूच येत न्हाई. लय दिवसांपासून."

बन्सीधरने किल्लीकडे पाहिलं. मग ती आपल्या खिशात टाकली.

संध्याकाळी परभणीच्या जीपमध्ये सिद्धोधन आणि सुलाबाई शेजारीशेजारी कोंबले गेले. सुलाबाई सारखी बोलत होती, शिव्या देत होती की काही विचारत होती, देव जाणे. त्याने नेहमीसारखं हसून मान हलवली असती तर भागलं असतं.

"बाई, जरा जोरात बोला," तो म्हणाला. "मला ऐकायला येत न्हाई."

सुलाबाईने त्याच्याकडे पाहिलं, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.