परातीतली आंघोळ

सात देश फिरले. शेजारणी विचारतात, काय काय बघितलं? मला तिथले संडासच आठवतात. बटण दाबलं की पिण्याचं पाणी बदाबदा घाणीवर! लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात आम्ही परातीत बसून आंघोळ करायचो. तेच पाणी फरशी पुसायला, मग संडासात. म्हणून हॉटेलातही मी टबातलं पाणी कचऱ्याच्या डब्यानं संडासात ओतायचे. नवरा चिडायचा, "काय करायलीस? लाज आणतीस!" तिसऱ्या देशापासून मीही बटण दाबायला लागले.

यंदा पुन्हा टँकर सुरू झालेत. सुनेनं आंघोळीचं पाणी संडासापाशी बादलीत जपून ठेवलं होतं. ती बादली बाजूला सारून मी बटण दाबलं.

शी! सात देश फिरून एवढंच घेऊन आले.